बसवर केलेल्या मोटारहोमची इंजिन बॅटरी उतरली, तर काय करावे

पावसाळ्याचे चार महिने उभी राहिलेली गाडी दसऱ्याच्या पूजेसाठी धुवायला काढावी, चावी फिरवावी आणि सेल्फऐवजी नुसता ‘टक’ असा आवाज यावा, हा प्रसंग ठाणे-नवी मुंबईतल्या मोटारहोमधारकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. घोडबंदर रस्त्यालगतची सोसायटी असो वा घणसोलीतला मोकळा भूखंड, गाडी उघड्यावर उभी असते, जवळ विजेचा प्लग नसतो आणि खाडीवरून येणारी खारट, दमट हवा टर्मिनलांवर आपले काम करीत असते. अशा वेळी बहुतेक जण त्याच दिवशी नव्या बॅटऱ्यांची जोडी बसवून मोकळे होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी ती नवी जोडीही तशीच निपचित पडते. याचे कारण असे की, बसचे घर करताना केलेल्या जोडण्यांमध्येच कुठेतरी बॅटरी रिकामी करणारी वाट राहून गेलेली असते. म्हणून कामाचा क्रम आधी मोजणी, मग गाडी जागी करणे, मग वीज कुठे गेली याचा शोध आणि गरज उरलीच तर शेवटी खरेदी, असा ठेवावा.

आपल्या गाडीत काय बसवले आहे

टेम्पो ट्रॅव्हलरच्या वर्गातल्या गाड्यांमध्ये सहसा १२ व्होल्टची एकच बॅटरी असते. मोठ्या बसमध्ये मात्र १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्ट तयार केलेले असतात. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्टच असतील, असे मात्र गृहीत धरू नये. एका बॅटरीचा धन आणि दुसरीचा ऋण एकाच जाड केबलने जोडलेला असेल, तर ती सीरिज जोडणी होय. धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडलेले असेल, तर व्होल्टेज १२ च राहते आणि फक्त क्षमता वाढते. केबल हाताने चाचपून पाहिल्याशिवाय आणि मीटर लावल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

दुसरी गोष्ट अशी की, दिवे, पंखे, फ्रिज आणि इन्व्हर्टर चालवणारी हाऊस बॅटरी वेगळी आणि इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी. बाहेरून प्लग लावला की अनेक मोटारहोममध्ये फक्त हाऊस बॅटरी चार्ज होते. आतला पंखा गरगर फिरतो आहे आणि फ्रिज थंड आहे, यावरून इंजिनाची बॅटरीही भरलेली असेल असा समज नवख्या माणसाचा सहज होतो, आणि आठवडाभर प्लगवर उभी असलेली गाडी निघण्याच्या सकाळी सुरू होत नाही.

हात लावण्यापूर्वी

शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांच्या पुढे गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे बॅटरीचा कप्पा उघडून काही वेळ वारा लागू द्यावा, विडी-सिगारेट दूर ठेवावी, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पाना धनाच्या टर्मिनलवर असताना कडे चेसिसला, म्हणजे ऋणाशी जोडलेल्या गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकले, तर ते क्षणात तापून हात भाजतो. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे, आणि सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा.

केबल सोडवताना आधी ऋण आणि जोडताना शेवटी ऋण, हा नियम प्रत्येक वेळी पाळावा. युरिया टाकी असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये चावी बंद केल्यानंतर युरियाच्या नळ्या रिकाम्या करण्याचे काम काही मिनिटे चालू असते, म्हणून चावी काढल्यावर लगेच बॅटरी न तोडता चार-पाच मिनिटे थांबावे.

मोजणी

यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद असताना प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. दोन्हींची बेरीज एकदम मोजणे हा नवख्यांचा नेहमीचा आळस असून त्यात निम्मी माहिती हरवते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ च्या आसपास म्हणजे उतरलेली. एकीवर १२.६ आणि दुसरीवर १०.५ दिसत असेल, तर दुसरीतला एक सेल बहुधा शॉर्ट झालेला आहे, कारण सहा सेलांपैकी प्रत्येक सेल सुमारे दोन व्होल्ट देतो आणि एक गेला की नेमके तेवढे कमी होतात.

झाकणे उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची घनता पाहावी. आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी बनवलेल्या बॅटऱ्यांमध्ये भरलेल्या सेलची घनता थंड देशांतल्या आकड्यांपेक्षा थोडी कमी ठेवलेली असते, त्यामुळे परदेशी तक्त्याशी ताडून घाबरू नये. पाहायचे ते सेलांमधले अंतर: पाच सेल १.२४० दाखवत असताना सहावा १.१८० दाखवत असेल, तर तो सेल कामातून गेला आहे. बंद बॅटरीवरचा हिरवा डोळा हा सहापैकी एकाच सेलची स्थिती सांगतो, म्हणून त्याच्यावर विसंबणे योग्य नाही.

व्होल्टेज ठीक असूनही सेल्फ घेत नसेल, तर हेडलाइट लावून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावे. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोडणी सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर दोष बहुधा स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, किंवा चावी फिरवल्यावर तिला वीज जोडून देणारे स्विच, म्हणजे सोलेनॉइड आणि रिले, यांच्याकडे आहे. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीवरचे व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल, तर तिची ताकद संपत आली आहे असे समजावे.

खाडीकाठच्या गाड्यांसाठी एक तपासणी मात्र आवर्जून करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर वीज तिथेच अडते आहे. क्लॅम्प सोडवल्यावर आतल्या बाजूला पांढरट-हिरवी भुकटी आणि काळसर थर दिसतो. बाहेरून ग्रीस फासलेले असल्याने तो वर्षानुवर्षे कुणाच्या नजरेला पडत नाही. गरम पाण्यात सोडा घालून तो धुवावा, खुंटी आणि क्लॅम्प चकचकीत होईपर्यंत तारेच्या ब्रशने घासावे, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि त्यानंतरच वरून व्हॅसलीन लावावे. हीच चाचणी बॅटरीचा ऋण आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यामध्ये करावी, कारण इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी इथल्या हवेत आतून कुजते आणि दोष विनाकारण बॅटरीच्या माथी येतो.

गाडी तात्पुरती सुरू करणे

धक्का मारून बस सुरू करण्याचा विचार सोडून द्यावा. एअर ब्रेकच्या बसमध्ये टाकीत पुरेशी हवा नसेल, तर स्प्रिंगचे ब्रेक चाकांना धरूनच ठेवतात, आणि महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत हवा बहुधा उरलेली नसते. शिवाय संगणकावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाला वीज मिळाल्याशिवाय इंधनाचा फवाराच होत नाही.

जंप देताना व्होल्टेज जुळलेच पाहिजे. २४ व्होल्टच्या बसला २४ व्होल्टचाच ट्रक किंवा बस लागते. कळंबोली, तुर्भे किंवा वागळे इस्टेटच्या परिसरात अवजड वाहनांची कामे करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन जास्त असल्याने अशी मदत मिळणे तिथे सोपे जाते. शेजाऱ्याची कार आणून दोनपैकी एका बॅटरीला केबल लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो धोक्याचा आहे. चेसिसपासून दूर असलेल्या बॅटरीचे ऋण टोकही चेसिसच्या तुलनेत १२ व्होल्टवर असते, आणि त्या टोकाला कारचा ऋण जोडलेला असताना दोन्ही गाड्यांचे पत्रे एकमेकांना टेकले, तर थेट शॉर्टसर्किट होते. उलट बाजूने, २४ व्होल्टच्या ट्रकची जंप केबल १२ व्होल्टच्या ट्रॅव्हलरला लावल्यास तिचे इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

केबल जाड हव्यात. कारच्या डिकीत असतात तशा बारीक केबल बसच्या स्टार्टरपुढे नुसत्या तापतात. बससाठी निदान ५० चौरस मिलिमीटर तांब्याची केबल असावी. दोन्ही गाड्यांची चावी, आतले इन्व्हर्टर आणि पंखे बंद करावेत. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या जोडीच्या अखेरच्या धनावर, म्हणजे जिथून स्टार्टरची केबल निघते त्या खुंटीवर लावावे आणि दुसरे टोक मदतीच्या गाडीच्या तशाच धनावर लावावे. त्यानंतर काळी केबल मदतीच्या गाडीच्या ऋणावर लावून तिचे दुसरे टोक आपल्या इंजिनाच्या किंवा चेसिसच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जाड धातूवर, बॅटरीपासून दूर अडकवावे. शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी उडतेच, आणि ती बॅटरीच्या वायूपासून लांब उडावी एवढाच या क्रमाचा हेतू आहे.

मदतीच्या गाडीचे इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटे तसेच चालू द्यावे, म्हणजे आपल्या बॅटरीत थोडी धुगधुगी येते. मग सेल्फ मारावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टर थंड होण्यासाठी दोन-एक मिनिटे जाऊ द्यावीत. इंजिन लागले की केबल काढण्यापूर्वी हेडलाइट किंवा ब्लोअर चालू करावा, म्हणजे केबल सुटताना व्होल्टेज एकदम उसळत नाही. मग लावल्याच्या नेमक्या उलट क्रमाने केबल काढाव्यात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडलेली असेल, तर हा सगळा उद्योग मार्गिकेच्या कडेला करू नये. प्रवाशांनी कठड्यापलीकडे थांबावे आणि गाडी आधी सुरक्षित जागी ओढून न्यावी.

चार्ज करणे

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली, असे होत नाही. बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत, म्हणजे किती अँपिअर किती तास देते यावर मोजतात. समजा १५० अँपिअर-तासांची जोडी निम्मी उतरली आहे. तिला ७५ हून अधिक अँपिअर-तास परत द्यावे लागतात. कापूरबावडीच्या कोंडीत इंजिन निष्क्रिय वेगावर फिरत असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, फारसे काही देत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर सरासरी २५ अँपिअर मिळाले असे धरले तरी तीन तासांत जेमतेम ७५ भरून निघतात. शेवटचा पाचवा हिस्सा तर याहूनही सावकाश भरतो. गायमुखपर्यंत एक चक्कर मारून गाडी पुन्हा उभी करणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या फजितीची तयारी होय.

म्हणून चार्जर वापरावा. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या सुमारे दहावा हिस्सा असावा, म्हणजे १५० अँपिअर-तासांना १५ अँपिअर. उतरलेल्या जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्यांमधली केबल सोडवून प्रत्येकीला १२ व्होल्टच्या चार्जरने स्वतंत्रपणे भरणे मला सर्वांत बरे वाटते, कारण त्यामुळे दोघी एकाच पातळीवर येतात. पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि तेही चार्जिंग संपल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच घालावे. आम्ल कधीही घालू नये. फार उतरलेल्या बॅटरीला काही स्वयंचलित चार्जर ओळखतच नाहीत आणि सुरू होत नाहीत. अशी बॅटरी दुकानात देऊन हळू प्रवाहाने चार्ज करून घ्यावी. महिनोन्महिने उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होऊन बसतात आणि तिची धारणशक्ती परत येत नाही. चार्जिंगनंतर रात्रभरात ती पुन्हा १२.२ वर उतरली, तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नये.

वीज कोण पिऊन जाते

सारे काही बंद असताना गाडीतून ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तो क्षुल्लक वाटतो. महिन्याला त्याचे ३६ अँपिअर-तास होतात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत १४४. म्हणजे १२० अँपिअर-तासांची ठणठणीत बॅटरीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळाला जाते, आणि बॅटरी आपोआप जी थोडी उतरते ती यात धरलेलीच नाही. जीपीएस यंत्र, अलार्म, म्युझिक सिस्टीमची स्मृती आणि गॅस गळती ओळखणारे यंत्र यांची बेरीज सहज एवढी होते.

हा प्रवाह मोजण्यासाठी ऋण केबल सोडवून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या जागी लावावा, दारे बंद ठेवावीत आणि गाडीचा संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावे. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नये आणि इन्व्हर्टर सुरू करू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजवर आकडा खाली पडतो, त्या तारेवर चोर आहे. एकही फ्यूज काढून आकडा हलला नाही, तर घर करताना कुणीतरी थेट बॅटरीच्या खुंटीवर जोडलेली तार शोधावी. बॅटरी बाकीच्या गाडीपासून तोडणाऱ्या कट-ऑफ स्विचच्या अलीकडून, बॅटरीच्या बाजूने घेतलेल्या अशा तारेमुळे स्विच बंद करूनही उपयोग होत नाही.

बसवरच्या मोटारहोममधला सर्वांत मोठा गुन्हेगार मात्र दोन बॅटऱ्यांच्या मधल्या सांध्यावर सापडतो. घरातली बहुतेक उपकरणे १२ व्होल्टची आणि बस २४ ची, म्हणून चेसिस आणि मधली केबल यांच्यातून १२ व्होल्ट काढून घेण्याचा सोपा मार्ग अनेक वायरमन पत्करतात. दहा मिनिटांचे काम असते, सगळे दिवे लागतात आणि मालक खूश होतो. पण हा सगळा भार चेसिसला जोडलेल्या एकट्या बॅटरीवर पडतो. ती १२.० वर येते, तर तिची जोडीदार १२.७ वरच असते. अल्टरनेटरला दोघींची फक्त बेरीज दिसते. तो २८ व्होल्ट देतो तेव्हा उतरलेलीच्या वाट्याला १३.२ येतात आणि भरलेलीच्या वाट्याला १४.८, म्हणजे एक कधीच पूर्ण भरत नाही आणि दुसरी अति चार्ज होऊन पाणी उडवते. एका बॅटरीला वारंवार पाणी लागते आणि दुसरी नेहमी उतरलेली असते, हे चित्र दिसले की मधल्या सांध्यावर बारीक तार नक्की शोधावी. ती तार काढून २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवावा. तो दोन्ही बॅटऱ्यांतून सारखी वीज घेतो. घराचा वापर मोठा असेल तर हाऊस बॅटरी पूर्ण स्वतंत्र ठेवावी.

इंजिन चालू असताना हाऊस बॅटरीही चार्ज व्हावी म्हणून व्होल्टेज पाहून जुळणारा रिले बसवलेला असतो. तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो आणि १२.८ ला तोडतो, आणि शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांसाठी तो ठीक आहे. हाऊस बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर तिचे विश्रांतीतले व्होल्टेजच १३.३ च्या आसपास असल्याने रिले तुटायचे नाव घेत नाही आणि दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे इंजिनाच्या बाजूची वीज घेऊन हाऊस बॅटरीला तिला हव्या त्या व्होल्टेजने देणारे यंत्रच बसवावे.

नवी जोडी घेताना

दोनपैकी एकच बॅटरी गेली असली तरी दोन्ही बदलाव्यात, कारण जुन्या-नव्याची जोडी सारखी चार्ज होत नाही आणि नवी लवकर खराब होते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेल्या असाव्यात; दुकानातच मीटर लावून १२.५ पेक्षा कमी दाखवणारी परत करावी. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी इंजिनासाठी वापरू नये. तिची रचना सावकाश आणि खोलवर वीज देण्यासाठी असते, तर स्टार्टरला काही सेकंदांत शेकडो अँपिअर हवे असतात. हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकान सोडू नये, आणि बॅटरी ट्रेमध्ये पट्टीने घट्ट आवळलेली आहे हे स्वतः हलवून पाहावे.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत कराव्यात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार त्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि वजनानुसार जुन्यांची किंमतही नव्या जोडीच्या किमतीतून वजा करून मिळते.

पावसाळ्यात उभी ठेवताना

जूनपूर्वी दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून टर्मिनल साफ करावेत आणि ऋण बाजूचा कट-ऑफ स्विच बंद करावा. जीपीएस किंवा अलार्म चालू ठेवणे भागच असेल, तर छतावर कंट्रोलरसह ५० वॉटचे सौर पॅनल लावावे. ढगाळ दिवसांतही ते ५० मिलिअँपिअरची गळती भरून काढण्याइतके साधारण देते, मात्र छतावरच्या मोठ्या पॅनलची वीज फक्त हाऊस बॅटरीकडे जाते की इंजिनाच्या बॅटरीलाही मिळते, हे मीटर लावून पाहावे. पॅनल नसेल तर महिन्यातून एकदा व्होल्टेज मोजावे, आणि एका बॅटरीवर १२.४ दिसले की दोन्ही काढून चार्जरवर लावाव्यात. दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय मात्र सोडावी. सेल्फने घेतलेली वीज आणि गाडी थंड असतानाचा ब्लोअर-दिव्यांचा खर्च तेवढ्या वेळात जेमतेम भरून निघतो, आणि सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी तसेच राहते.